‘मी तर फक्त सहीपुरती डायरेक्टर’: वाचकांचे प्रश्न, कामाच्या जागेची सेफ्टी आणि संचालकांची जबाबदारी

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की कंपनीच्या संचालकांनी कारखान्यातल्या सेफ्टीबद्दल आणि कामगारांच्या आरोग्याबद्दल बिनधास्त प्रश्न पाठवावेत. वाटलं होतं पाच-सहा येतील, पण ढीग आला, आणि गंमत म्हणजे निम्मे प्रश्न संचालकांचे नाहीतच, सेफ्टी ऑफिसर, कामगार, एवढंच काय संचालकांच्या बायकांचेसुद्धा आहेत. सगळे घेता येणार नाहीत. नावं-गावं काढून टाकलीत, कुणी विचारू नका.

प्रश्न: आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, मिस्टर आणि मी दोघंच डायरेक्टर. मी कारखान्यात वर्षातून एकदा, पूजेला जाते. परवा कागद चाळताना कळलं की फॅक्टरी लायसन्सवर ऑक्युपायर म्हणून माझं नाव आहे. मिस्टर म्हणतात अगं फॉर्मॅलिटी असते ती. खरंच फॉर्मॅलिटी आहे का?

नाही ताई. त्या अख्ख्या फायलीत फॉर्मॅलिटी नसलेला कागद कुठला असेल तर तोच.

जरा मागे जाऊन सांगतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ऑक्युपायर, म्हणजे सरकारी मराठीत भोगवटादार, याची व्याख्या अशी होती की कारखान्याच्या कारभारावर ज्याचं अंतिम नियंत्रण तो. मग कंपन्या काय करायच्या, एखाद्या मॅनेजरला ठराव करून ऑक्युपायर करायच्या, केस झाली की तो बिचारा कोर्टात आणि मालक मोकळे. भोपाळनंतर १९८७ ला कायदा बदलला आणि त्यात सरळ घातलं की कंपनी असेल तर संचालकांपैकीच कुणीतरी एक ऑक्युपायर. याविरुद्ध कंपन्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या केसमध्ये निकाल लागला की हो, संचालकच पाहिजे, नोकर किंवा अधिकारी चालणार नाही, आणि तुम्ही कुणाचं नाव दिलंच नाही तर इन्स्पेक्टर कुठल्याही एका संचालकाला धरू शकतो. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी २०२० चा ऑक्युपेशनल सेफ्टी कोड आलाय, त्यातही हेच आहे, फक्त इंडिपेंडंट डायरेक्टरला, म्हणजे मालकांशी संबंध नसलेल्या बाहेरच्या संचालकाला, त्यातून वगळलंय. तुम्ही इंडिपेंडंट नाही, तुम्ही घरच्या आहात.

‘मला काही माहीतच नव्हतं’ हे तुम्ही कोर्टात सांगाल तेव्हा ते तुमच्या बाजूने जाईल असं समजू नका, समोरचा वकील तेच वाक्य उचलून म्हणेल की बघा, जिच्यावर जबाबदारी होती तिने माहिती करून घ्यायचीही तसदी घेतली नाही. भोपाळच्या खटल्यात ७ जून २०१० ला ज्यांना शिक्षा झाली त्यात केशुब महिंद्रा होते, ते युनियन कार्बाइड इंडियाचे नॉन-एक्झिक्युटिव्ह चेअरमन, म्हणजे रोजचा कारभार बघणारे नाहीत, तरी निष्काळजीपणाने मृत्यूच्या कलमाखाली दोन वर्षं कैद आणि एक लाख दंड. जामीन लगेच मिळाला, आणि एवढ्या मोठ्या दुर्घटनेला एवढीच शिक्षा का यावर लोक भडकले ते बरोबरच होतं, पण आपला मुद्दा वेगळा आहे, ‘मी रोज जात नव्हतो’ हे पुरलं नाही.

मग करायचं काय? दोन रस्ते. एक, जो खरोखर कारखाना चालवतो, पैसे सोडतो, माणसं ठेवतो-काढतो, त्याचंच नाव लावा, बोर्डाचा ठराव करा आणि बदल रीतसर कळवा. मिस्टर नको म्हणाले तर का नको ते नीट विचारा, उत्तर मनोरंजक असेल. दुसरा रस्ता, नाव ठेवा पण मग काम करा. सुरुवात म्हणून तुमच्या सहीची जी सेफ्टी पॉलिसी गेटवर फ्रेम करून लावलीय ती एकदा वाचा (बहुतेक कुठून तरी कॉपी केलेली असेल आणि खाली दुसऱ्याच कंपनीचं नाव राहिलेलं असू शकतं, असे नमुने मी पाहिलेत), अपघातांचं रजिस्टर मागवा, इन्स्पेक्टरने शेवटच्या भेटीत काय शेरे मारले आणि त्यातले किती अजून तसेच पडलेत ते बघा. आणि पूजेच्या दिवशी नको, एखाद्या आडवारी सेकंड शिफ्टला जा.

प्रश्न: मी मॅनेजिंग डायरेक्टर आहे, आमचं प्रेस शॉप आहे. मॅनेजरकडून शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय की सेफ्टीची सर्व जबाबदारी त्याची राहील, नोटरी पण केलंय. तरी आमचे वकील म्हणतात उपयोग नाही. मग माणूस ठेवायचा कशाला?

वकील बरोबर आहेत, त्यांची फी देऊन टाका.

माणूस ठेवायचा काम करायला. काम वाटून देता येतं, जबाबदारी अशी नोटरी करून दुसऱ्याच्या खिशात घालता येत नाही. जुन्या कायद्यात कलम १०१ होतं, त्यात ऑक्युपायरला सुटायची वाट होती, पण त्यासाठी त्याने सिद्ध करायचं की मी कायदा पाळला जावा म्हणून पुरेशी दक्षता घेतली होती आणि दुसऱ्याने हा गुन्हा माझ्या नकळत, माझ्या संमतीशिवाय, माझी फूस नसताना केला. म्हणजे स्टॅम्पपेपर दाखवून भागत नाही, तुम्ही स्वतः काय केलंत ते दाखवावं लागतं. ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्याचं कलम ३७ पण असंच, संचालकाची संमती, कानाडोळा किंवा हलगर्जी असेल तर कंपनीबरोबर तोही गुन्हेगार. आपल्याकडच्या बऱ्याच कायद्यांत कंपनीच्या गुन्ह्यांची जी तरतूद असते तिची भाषा साधारण हीच.

आता तुम्ही प्रेस शॉप म्हणालात म्हणून तिथलंच बोलू. पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनला, दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो, उद्देश काय तर दोन्ही हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर राहावेत. तुमच्या शॉपमध्ये उद्या जा आणि प्रत्येक प्रेसचं डावं बटण बघा. कुठेतरी त्यात लाकडाची पाचर मारलेली दिसेल, किंवा रबराने आवळून ठेवलेलं, किंवा फिटरने आतून वायरच जोडून दिलेली, म्हणजे ऑपरेटर एका हाताने बटण मारतो आणि दुसऱ्या हाताने पीस काढतो, तासाला शंभर-दीडशे पीस जास्त निघतात. हे कुणाला माहीत आहे? ऑपरेटरला, फिटरला, सुपरवायझरला, बाजूच्या मशीनवाल्याला, सगळ्यांना. फक्त तुम्हाला नाही. आणि ज्या दिवशी चार बोटं जातात त्या दिवशी चौकशीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं जातं ‘कामगाराचा निष्काळजीपणा’.

पण मला सांगा, पीसवर इन्सेंटिव्ह कुणी ठरवला? दोन हातांनी चालवून जे टार्गेट होतच नाही ते टार्गेट कुणाच्या मीटिंगमध्ये पास झालं? लाइट कर्टनचं, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणाऱ्या प्रकाशाच्या पडद्याचं, कोटेशन दोन वर्षं पर्चेसमध्ये का पडून आहे? मॅनेजरला स्वतःच्या सहीने किती हजारांपर्यंत खर्च करता येतो? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण ज्याला वीस हजारांच्या वर सही करायचा अधिकार नाही त्याच्या अंगावर सात लाखांच्या गार्डिंगची जबाबदारी टाकलीत तर तो स्टॅम्पपेपर उलट तुमच्याच विरुद्ध पुरावा आहे, की तुम्हाला धोका कळला होता आणि तुम्ही पैसे सोडायच्या ऐवजी कागद करून घेतला. जुन्या कायद्याचं कलम २१ म्हणत होतं की गार्ड भक्कम पाहिजे आणि मशीनचा तो भाग चालू असेपर्यंत जागेवर पाहिजे. इन्स्पेक्टर येईल त्या दिवशी जागेवर, असं नाही.

१९८७ च्या मार्चमध्ये बेल्जियममधल्या झेब्रुग बंदराबाहेर हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज नावाची फेरी बोट उलटली, १९३ माणसं गेली. पुढचे दरवाजे उघडेच राहिले होते. बंद करायचं काम ज्याचं तो झोपला होता, कॅप्टनला वरून दरवाजे दिसत नव्हते, त्याने गृहीत धरलं बंद असतील. इथपर्यंत वाटतं चूक खालच्याची. पण चौकशीत निघालं की कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांनी आधीच मागणी केली होती की ब्रिजवर, म्हणजे कॅप्टन उभा असतो तिथे, एक दिवा द्या, दरवाजे उघडे की बंद ते कळेल, आणि ऑफिसातल्या साहेबांनी ती मागणी थट्टेवारी नेली होती. चौकशी अधिकाऱ्यांनी लिहिलं की ढिसाळपणाचा रोग कंपनीला वरपासून खालपर्यंत लागलाय. तरी खटला १९९० मध्ये कोसळला, कारण कंपनीचं ‘डोकं’ म्हणता येईल अशा एका माणसावर गुन्हा बसेना. त्यानंतर बऱ्याच वर्षांच्या ओढाताणीने ब्रिटनमध्ये २००७ चा कॉर्पोरेट मॅनस्लॉटर कायदा आला, त्यात एक माणूस शोधावा लागत नाही, वरच्या व्यवस्थापनाने कारभार कसा चालवला तेच तपासतात.

तर साहेब, दक्षता म्हणजे स्टॅम्पपेपर नाही. तुम्ही कधी प्रॉडक्शन थांबवलंत, कुठल्या तारखेला किती पैसे मंजूर केलेत, मॅनेजरच्या तक्रारीला काय उत्तर दिलंत, दिलेलं काम झालं का ते परत कुणी जाऊन बघितलं, ही तुमची दक्षता. ती मिनिट्समध्ये, मेलमध्ये, बिलांमध्ये दिसते. नसेल तर दिसत नाही, आणि मागच्या तारखा टाकून तयार केलेली लगेच ओळखू येते.

प्रश्न: मी एका लिस्टेड केमिकल कंपनीत इंडिपेंडंट डायरेक्टर आहे, पार्श्वभूमी फायनान्सची. प्रत्येक बोर्ड मीटिंगमध्ये सेफ्टीची एक स्लाइड येते, इतके लाख मॅन-अवर्स, झिरो लॉस्ट टाइम इंज्युरी (काम बुडवणारी दुखापत एकही नाही). आम्ही अभिनंदन करून पुढे जातो. अजून काय विचारावं हे खरं तर मला समजतच नाही.

तुम्ही हा प्रश्न विचारलात यातच अर्धं काम झालं, बाकीचे अभिनंदन करून चहा घेतात.

पहिली गोष्ट ही की ती स्लाइड खोटी असेल असं नाही, पण ती वेगळ्याच गोष्टीचं मोजमाप आहे. कुणी घसरून पडला, बोट कापलं, कामावर आला नाही, हे त्यात येतं. रिअॅक्टरचं तापमान हाताबाहेर जाईल का हे त्यात येत नाही. बीपी या तेल कंपनीच्या अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीत २३ मार्च २००५ ला स्फोट होऊन १५ माणसं गेली, नंतर २००७ मध्ये बेकर पॅनेल या चौकशी समितीने हेच दाखवलं की कंपनी माणसांच्या लहानमोठ्या दुखापतींचे आकडे सुधारतायत म्हणून खूश होती आणि प्रोसेस सेफ्टी, म्हणजे स्फोट-गळती टाळायची व्यवस्था, तीही तशीच चांगली आहे असं धरून चालली होती. त्याहून बोचरं उदाहरण डीपवॉटर होरायझनचं, ही समुद्रात तेलविहीर खणणारी रिग. २० एप्रिल २०१० ला त्या रिगवर स्फोट झाला, ११ जण गेले, आणि त्याच दिवशी रिगवर कंपन्यांचे बडे अधिकारी पाहुणे म्हणून आले होते, कशासाठी तर सात वर्षं लॉस्ट टाइम इंज्युरी नाही याचं कौतुक करायला.

भोपाळच्या प्लांटमध्ये अपघाताच्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाक्यांची रेफ्रिजरेशन यंत्रणा बंद होती, सुटलेला वायू जाळणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीला काढलेला होता. हे असलं काही झिरो इंज्युरीच्या स्लाइडवर कधीच दिसलं नसतं. म्हणून तुम्ही असं विचारा की आपल्या प्लांटमध्ये एका दमात दहा-वीस माणसं मारू शकेल अशा गोष्टी कुठल्या, त्या प्रत्येकीला अडवणारी यंत्रणा कुठली, आणि आज या घडीला त्यातली कुठली बंद, बायपास किंवा दुरुस्तीत आहे. इंटरलॉक, म्हणजे धोका दिसला की प्लांट आपोआप थांबवणारी यंत्रणा, कधी बंद करून ठेवली याचं बायपास रजिस्टर मागवा. बायपास चोवीस तासांसाठी मंजूर झाला आणि तीन महिने चालू आहे, अशी ओळ सापडली की समजा स्लाइडपेक्षा ते रजिस्टर खरं बोलतंय. सेफ्टी व्हॉल्व्हची टेस्टिंग किती थकलीय तेही विचारा, फायनान्सवाल्याला थकबाकी चांगली कळते.

एक गोष्ट बोर्डावर कुणालाच आवडत नाही ती म्हणजे वाईट बातमी आणणारा माणूस. निअर मिस, म्हणजे थोडक्यात वाचलो अशा घटना, यांचा आकडा वर्षभर शून्य असेल तर अभिनंदन करू नका, चौकशी करा. माणसं सांगायचं बंद झालीत.

आता कायद्याचं. नव्या कोडमध्ये तुम्ही ऑक्युपायर होत नाही हे खरं, पण म्हणून पूर्ण सुटलात असं नाही. कंपनी कायद्याच्या कलम १४९ (१२) प्रमाणे इंडिपेंडंट डायरेक्टर जबाबदार धरला जातो तो बोर्डाच्या कामकाजातून त्याला कळलेल्या, त्याच्या संमतीने किंवा फुशीने झालेल्या गोष्टींसाठी, किंवा तो तत्परतेने वागलाच नाही तर. म्हणजे बोर्ड पेपर्सच्या पान क्रमांक १८७ वर बारीक अक्षरात ‘चार व्हॉल्व्हची टेस्ट प्रलंबित’ असं असेल तर ते तुम्हाला कळलं होतं असं धरायला जागा आहे. वाचा ती पानं.

न्यूझीलंडमध्ये पाइक रिव्हर नावाची कोळशाची खाण होती, १९ नोव्हेंबर २०१० ला मिथेनचा स्फोट झाला आणि २९ माणसं गेली. रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, बोर्डावर ठपका काय ठेवला तर त्यांनी यंत्रणा खरोखर चालतेय का याची स्वतः खात्री केली नाही, मॅनेजमेंटने सांगितलं ते धरून चालले. मग तिथे २०१५ चा कायदा आला, त्यात संचालकाच्या ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे दक्षतेत, काय काय येतं ते लिहूनच ठेवलंय, आणि शेवटचा मुद्दा हाच की पडताळून बघा. तो कायदा नुसता पुस्तकात नाही, ऑकलंड बंदर कंपनीच्या माजी सीईओला एका गोदी कामगाराच्या मृत्यूवरून त्याच कायद्याखाली दोषी धरलं गेलं. कंपनीकडे सेफ्टीची यंत्रणा होती, कागद होते, पण रात्रपाळीत प्रत्यक्ष काम कसं चालतं ते वरपर्यंत पोचत नव्हतं.

प्रश्न: टाकी साफ करताना कॉन्ट्रॅक्टरची दोन माणसं गेली. त्यातला एकही माणूस आमच्या पेरोलवर नाही. पोलिसांनी आमच्या डायरेक्टरचं नाव घातलंय. हा अन्याय नाही का?

दोन माणसं गेली. प्रश्नात ते अर्ध्या ओळीत संपलंय, म्हणून आधी ते.

पेरोलचा इथे संबंध नाही. जुन्या फॅक्टरी कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येतही थेट किंवा कॉन्ट्रॅक्टरमार्फत लावलेला, दोन्ही यायचे. टाकी तुमची, त्यात काय उरलंय हे माहीत असणारे तुम्ही, गेट पास तुमचा. तुम्ही सविस्तर लिहिलं नाही, पण अशा केसेस जवळजवळ एकाच साच्यातल्या असतात. टाकीत गाळ असतो, ढवळला की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. कमी असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास जातो आणि माणसाला वाटतं हवा साफ झाली. पहिला आत कोसळतो, वरचा हाक मारतो, उत्तर नाही, तो वाचवायला तसाच उतरतो. दुसरा मृत्यू बहुतेक वेळा असा वाचवायला गेलेल्याचा असतो. पाच-सात मिनिटांत सगळं संपतं, फायर ब्रिगेड यायच्या आधी.

ते टाळायला लागतं काय? आत जाणाऱ्या लाइन्स नुसत्या व्हॉल्व्ह फिरवून नाही तर ब्लाइंड, म्हणजे पाइपात बंद चकती, टाकून तोडायच्या, ब्लोअर लावायचा, चार-गॅसवाल्या मीटरने वर, मध्ये आणि तळाला हवा तपासायची, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणी उतरायचं नाही, बाहेर एक माणूस सतत उभा, उतरणाऱ्याच्या अंगाला हार्नेस आणि वर ट्रायपॉड, म्हणजे खाली न उतरता वर ओढता येईल. आणि काम चालू असेपर्यंत मीटर आतच राहू द्यायचा, सकाळी एकदा तपासून दिवसभराचं परमिट फाडायचं नाही. हे सगळं धरून कामाचा रेट जो येतो त्याच्या निम्म्या रेटने तुमच्या पर्चेसने ऑर्डर दिली असेल ना, तर त्या निम्म्या रेटमधून कुठली गोष्ट गाळली गेली हे कुणीतरी विचारायला हवं होतं. ‘सर्वात कमी दर’ ही पॉलिसी बोर्डाचीच असते.

अन्यायाचं म्हणाल तर एवढंच सांगतो, भारतीय न्याय संहितेत कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूची कैद आता ५ वर्षांपर्यंत आहे, जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ ला २ वर्षं होती. वेगळ्या बाजूने नवा सेफ्टी कोड, कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड किंवा दोन्ही, आणि दंडातला निम्मा किंवा जास्त भाग मृताच्या वारसांना द्या असं कोर्ट सांगू शकतं. तुमच्या डायरेक्टरचा दोष किती ते कोर्ट ठरवेल, त्यात मी पडत नाही. पण त्या दोन घरांना पैसे द्यायला निकालाची वाट बघू नका, आणि साइटवर मागाहून हार्नेस आणून ठेवायची आयडिया कुणी दिली तर त्याला आधी बाहेर काढा.

प्रश्न: नव्या कोडमध्ये पॉवर वापरणारा कारखाना म्हणजे २० कामगार झालंय म्हणे, पूर्वी १० होतं. आमच्याकडे १४ आहेत. सुटलो ना?

‘फॅक्टरी’ या व्याख्येतून सुटलात. कोडमधून नाही, कारण १० किंवा जास्त कामगार असलेली आस्थापना त्यात येते आणि मालकाची मूळ कर्तव्यं तिला लागू आहेत. न्याय संहितेला तर माणसांच्या संख्येशी देणंघेणंच नाही, एक माणूस असला तरी पुरतो. आणि तुमचं ग्राइंडर १४ माणसं बघून हळू फिरत नाही.

प्रश्न: अपघाताचं ठीक आहे, पण ‘आरोग्य’ म्हणजे डायरेक्टरने काय करायचं? ते डॉक्टरचं काम ना?

डॉक्टर तपासेल, धूळ कमी करणारी यंत्रणा डॉक्टर विकत घेणार नाही. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्याचं फुप्फुस एका दिवसात जात नाही, दहा-पंधरा वर्षांत जातं, तोवर त्याने नोकरी सोडलेली असते आणि तुम्हीही कदाचित बदललेले असता, म्हणून सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, अपघाताच्या रजिस्टरमध्ये येत नाही आणि बोर्डात तर नाहीच नाही. आवाजाचंही तसंच, ८ तासांसाठी ९० डेसिबल ही आपल्या नियमांतली मर्यादा, फोर्ज शॉपमध्ये ती सहज ओलांडली जाते, आणि पंचवीस वर्षांचा पोरगा पस्तिशीत टीव्हीचा आवाज वाढवत बसतो. वर्षाच्या मेडिकल चेकअपचे रिपोर्ट कामगारांची नावं न घेता, डिपार्टमेंटनुसार एकत्र करून बोर्डापुढे मागवा. एकाच डिपार्टमेंटमध्ये सात जणांची ऐकू येण्याची क्षमता घसरलीय हे दिसलं की तो आजार राहत नाही, तो खर्चाच्या मंजुरीचा विषय होतो. आणि इअरप्लग वाटले म्हणजे झालं असं नको, आधी मशीनला आवाज अडवणारं एन्क्लोजर, मग प्लग.

प्रश्न: मी सेफ्टी ऑफिसर आहे. धोक्याचे मेल टाकले की डायरेक्टर चिडतात, म्हणतात फोनवर बोल, लेखी कशाला देतोस, उद्या तेच आमच्यावर येईल. नोकरी पण सांभाळायची आहे. काय करू?

भाऊ, तुझ्यासारखी तीन पत्रं आलीत, शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

आधी तुझ्या साहेबांसाठी. ते म्हणतात ते अर्धं खरं आहे, उत्तर न दिलेला मेल त्यांच्यावर येईल. उत्तर दिलेला मेल मात्र त्यांना वाचवेल, कारण दक्षता घेतली याचा त्यांच्याकडे दुसरा पुरावाच काय असणार? फोनवर बोललेलं कोर्टात दिसत नाही, आणि ऑफिसर उद्या सांगणारच की मी सांगितलं होतं, मग तुमची बाजू कुठली? शिवाय खालच्यांना एकदा कळलं की लेखी दिलेलं साहेबांना आवडत नाही, की मग काहीच येत नाही, आणि साहेब समजतात सगळं आलबेल.

आता तुझ्यासाठी. मेल टाकायचे बंद करू नको, मेलची धाटणी बदल. ‘वारंवार सांगूनही दुर्लक्ष होत आहे’ असं लिहिलंस की समोरचा चिडणारच, ते आरोपपत्र झालं. त्याऐवजी असं लिही की बॉयलर हाउसच्या मागचा जिना गंजलाय, तिसरी आणि सातवी पायरी हलतेय, रोज सहा माणसं वापरतात, नवीन करायला इतके रुपये आणि चार दिवस, तोपर्यंत जिना बंद ठेवून पूर्वेकडचा वापरू, यासाठी तुमची हो किंवा नाही हवी, शुक्रवारपर्यंत. सोबत फोटो. अशा मेलला उत्तर देणं सोपं असतं, आणि ‘नाही’ असं लेखी द्यायला फार थोडे लोक धजावतात. फोनवर बोलायचं म्हणाले तर जरूर बोल, आणि ठेवल्यावर दोन ओळींचा मेल टाक, ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’. पण जिथे माणूस आजच मरू शकतो तिथे मेल-बिल नको, काम थांबव. सेफ्टी कमिटी असेल तर विषय तिच्या मिनिट्समध्ये घे, तिथे कामगारांच्या सह्या असतात, मग तो तुझा एकट्याचा आवाज राहत नाही.

एवढं करूनही ते तुला गप्पच बसवणार असतील तर दुसरी नोकरी बघायला लाग. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण तुझी सही पण कुठे कुठे आहेच ना.

प्रश्न: सगळ्या विम्यांमध्ये कव्हर आहोत आम्ही, मग एवढी भीती कशाला?

नुकसानभरपाई विमा देईल. फौजदारी केसमधली कैद विमा कंपनी भोगत नाही. आणि धोकादायक धंद्याच्या भरपाईबद्दल जाता जाता, १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कंपनीतून ओलियम वायू सुटल्यावर सुप्रीम कोर्टाने कारखाना परत चालू करायला अटी घातल्या, त्यातली एक अशी की क्लोरीन सुटून कुणी मेलं किंवा जखमी झालं तर भरपाई आम्ही व्यक्तिशः देऊ असं चेअरमन आणि मॅनेजिंग डायरेक्टरने लिहून द्यायचं. व्यक्तिशः.

प्रश्न: मी मशीन शॉपला आहे. वर्षातून दोनदा डायरेक्टरसाहेब राउंडला येतात. आठ दिवस आधी रंगरंगोटी, पिवळे पट्टे, नवीन हेल्मेट, लीक होणाऱ्या मशीनखाली कार्डबोर्ड, आणि आम्हाला सांगतात काही विचारलं तर ‘सब ठीक है सर’ म्हणायचं. खरं सांगावंसं वाटतं. सांगू का?

कायद्याने तुम्हाला तो हक्क आहे. जीवावर बेतेल असा धोका दिसला तर मालकाच्या नजरेला आणून देण्याचा हक्क जुन्या कायद्यात, निदान धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात होता, कलम ४१-ह, नव्या कोडमध्ये तो सगळ्याच कामगारांना आहे. पण हक्क असणं आणि राउंड संपल्यावर सुपरवायझरच्या तावडीत सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कळतं, म्हणून उगाच शूर व्हा असं मी सांगणार नाही. एकट्याने सांगू नका. कमिटीतल्या प्रतिनिधीकडून, किंवा चार-पाच जणांनी मिळून, एकच ठळक गोष्ट सांगा, दहा नको, आणि माणसाकडे नाही तर मशीनकडे बोट दाखवा.

आणि राउंडला जाणारे साहेब हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी, न सांगता जा. लवाजमा ऑफिसात ठेवा. ‘कसं चाललंय’ असं विचारू नका, त्याला ‘ठीक है’ हेच उत्तर असतं. ऑपरेटरला विचारा की या मशीनवर सगळ्यात वैतागवाणं काम कुठलं, चिप अडकली की काय करतोस, करून दाखव. तो मशीन बंद न करता हात घालायला निघाला तर ओरडू नका, बंद करून काढायला किती वेळ लागतो आणि तेवढा वेळ त्याच्या टार्गेटमध्ये धरलाय का ते विचारा. मग तो कार्डबोर्ड उचलून बघा.